वाळल्यावर दिसणारे डाग

आमच्या घरात भांडी मी घासतो. म्हणजे आता डिशवॉशर घासतो, पण त्यात भांडी लावणं, पावडर टाकणं, मीठ भरणं, तळाची जाळी काढून धुणं आणि एवढं करूनही राहिलेले डाग काढणं हे सगळं माझ्याकडे आहे. इतकी साधी गोष्ट आमच्या भावकीत कुणाला माहीत नव्हती. ती कळू नये याची काळजी मीच घेत होतो आणि त्या काळजीचा भार माझ्या बायकोवर पडत होता.

मी लष्करात स्टोअरला होतो. नोकरीभर वस्तू मोजल्या, लावून ठेवल्या, कमी-जास्त झाल्या तर का झाल्या ते शोधलं. निवृत्त झाल्यावर मलकापूरला फ्लॅट घेतला. बायको कराडच्या शाळेत शिकवते. ती सकाळी बाहेर पडली की घर माझ्या ताब्यात असतं.

काही वर्षांपूर्वी तिचं उजवं मनगट धरलं. डॉक्टरांनी घासणं आणि पिळणं बंद करायला सांगितलं. त्याच सुमारास आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गावी गेल्या आणि तिकडेच राहिल्या. मग मी भांडी घासायला लागलो. त्यात विशेष काही नव्हतं. फौजेत आपलं ताट आपणच धुतो. पण आमच्या ओट्यावरची खिडकी समोरच्या इमारतीकडे उघडते आणि तिथे आमच्याच तालुक्यातले एक माजी फौजी राहतात. पहिल्या दिवशी मी घासणी हातात घेतली आणि आधी खिडकी लावली. ऐन उन्हाळ्यात.

बायको म्हणाली, "अहो, घामानं भिजलात की. खिडकी तरी उघडा."

"धूळ येते," मी म्हणालो.

तिनं खिडकीकडे बघितलं, समोरच्या गॅलरीकडे बघितलं. तिला कळलं होतं.

पुढे डिशवॉशर घेतला. 'हिच्या हातासाठी घेतला' असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तिचा हात तर आधीपासूनच वाचत होता. मला ती बंद खिडकी नको झाली होती. यंत्राचं दार लावलं की आत भांडी कुणी लावली ते कुणाला दिसत नाही.

भावकीत बातमी गेली ती अशी: फौजीच्या बायकोनं भांडी घासायचं मशीन घेतलं. बायकोनं. कडेगावला माझा धाकटा भाऊ आणि वडलांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्ती, राहतात. आत्तीला आता भावकीत सगळ्यांत जास्त मान. तिनं ते ऐकून म्हणे एवढंच विचारलं, "मग ती दिसभर करती काय?" माझ्या कानावर आलं तेव्हा मी हसलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

मशीन आलं आणि त्याच्यामागून डाग आले. आमच्या इमारतीला नळाचं पाणी ठरल्या वेळी येतं, बाकी सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. ते पाणी किती जड आहे ते बघायला मी एकदा पातेलीभर पाणी आटवलं. तळाशी चुन्याची साय उरली. तीच साय ग्लासांवर, ताटांवर आणि मशीनच्या आतल्या भिंतींवर बसत होती. दुकानातला डाग काढायचा महाग द्रव एकदा आणला, पण मला असल्या गोष्टीत स्वयंपाकघराबाहेर जाणं पटत नाही. मी घरातल्या वस्तू एकेक करून बघितल्या. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं.

लिंबाची सालं वरच्या कप्प्यात ठेवून बघितली. वास छान आला, डाग होते तिथेच राहिले. व्हिनेगर एका वाटीत भरून वाटी वरच्या कप्प्यात उभी ठेवली आणि मशीन रिकामंच गरम पाण्यावर चालवलं. त्यानं बऱ्यापैकी साय सुटली. पण खरा उपयोग झाला तो लिंबूफुलाचा. सरबतासाठी वाण्याकडे मिळतात ते पांढरे आंबट खडे. दोन मोठे चमचे तळाशी टाकायचे, भांडी न लावता सगळ्यांत गरम पाण्यावर मशीन सोडायचं. दार उघडल्यावर आतलं स्टील नव्यासारखं. प्लॅस्टिकच्या डब्यांना हळदीचा पिवळेपणा आला तर खायच्या सोड्याचा लेप देऊन ते उन्हात ठेवायचे. ॲल्युमिनियमचं पातेलं मशीनमध्ये चुकूनही घालायचं नाही, काळं पडतं. पडलंच तर त्यात चिंचेचं पाणी उकळायचं.

हे सगळं मला आवडायला लागलं होतं, हे कबूल करतो. पण त्याबद्दल मी कुणाशी बोलू शकत नव्हतो.

एकदा बायकोच्या सांगलीच्या बहिणीचा फोन आला. तिच्याकडेही मशीन आलेलं. तिचे काचेचे ग्लास धुरकट झाले होते. फोन स्पीकरवर होता, मी समोर लसूण सोलत बसलो होतो.

"ताई, तुझे ग्लास कसे गं चकचकीत असतात? काय करतेस तू?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड 'हे करतात' म्हणायला उघडलेलं मला दिसलं. मी मान हलवली. नको.

"थांब हां, आठवते," ती म्हणाली. मी हळू आवाजात सांगायला लागलो आणि ती माझ्या मागून बोलत गेली. "आधी एका ग्लासाला व्हिनेगरचं बोट लावून बघ. पुसलं गेलं तर तो पाण्याचा थर आहे. मग सगळे ग्लास व्हिनेगरच्या पाण्यात घटकाभर बुडवून ठेव. आणि नाहीच गेलं, तर काचच झिजली असं समज. मग काही केलं तरी उपयोग नाही. पावडर कमी कर म्हणजे बाकीचे तरी वाचतील."

"किती बारीक बघतेस गं सगळं!" बहीण म्हणाली.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "तिलासुद्धा नाही सांगायचं?"

"तिच्याकडून गावाकडं जाईल."

"बरं," ती म्हणाली.

कौतुक तिच्या वाट्याला आलं ते हे एवढंच. बोलणीच जास्त आली. दिवाळीला भाऊ, त्याची बायको, आत्ती असे सगळे फराळाला आले होते. मी त्या आठवड्यात मशीनला लिंबूफूल द्यायचं विसरलो होतो. आत्तीनं पाण्याचा ग्लास उजेडात धरला.

"ह्यो गिलास धुतलाय का दूध पिऊन ठिवलाय गं?"

सगळे हसले. बायको म्हणाली, "पाण्याचा डाग आहे आत्ती. बोअरचं पाणी ना."

"पानी आमच्यात बी बोअरचंच हाय. पर आमचा हात लागतोय भांड्याला."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होतो. मी बशीतून मान वर केली नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आण्णांचा म्हाळ. आण्णा म्हणजे माझे वडील. शेवटची वर्षं ते आमच्याकडे मलकापूरला होते. अर्धं अंग गेलेलं. त्यांचं जेवू घालणं, अंथरूण, औषधं हे सगळं बायकोनं शाळा सांभाळून केलं. मी मदत करत होतो, पण आण्णा घास घ्यायचे तो तिच्याच हातचा. ते गेल्यावर पितृपंधरवड्यातलं त्यांचं जेवण, ज्याला आमच्याकडे म्हाळ म्हणतात, ते गावातल्या घरी भावाकडे होत आलं. गेल्या वर्षी बायकोनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"आण्णा शेवटी इथं जेवले. त्यांचं पान इथं पडू दे."

मी भावाशी बोललो, त्याची हरकत नव्हती. पण शेवटचा शब्द आत्तीचा. तिनं फोनवर बायकोलाच सांगितलं, "कर की. म्या न्हाई कशाला म्हणू? पर पितराचं काम हाय, सांभाळून कर. नीट झालं तर दरसाल तुझ्याकडंच ठिवू. न्हाईतर गावात हायच."

त्या दिवसापासून बायको त्या कामाला लागली. वडे कुणाच्या पद्धतीनं, खीर गव्हाची की तांदळाची, भाज्या कुठल्या, सगळं तिनं भावाच्या बायकोला विचारून घेतलं. आण्णांचं स्वतःचं एक जड स्टीलचं ताट आहे, पाठीवर त्यांचं नाव कोरलेलं. ते गेल्यापासून ते ताट फक्त म्हाळाला निघतं. भावाकडून ते ताट तिनं आधीच मागवून घेतलं.

आदल्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "आण्णांचं ताट मी हातानं घासते."

"हाताचं काय करून घेशील? उद्या वडे थापायचेत. दे इकडं. सगळ्यांच्या ताटांबरोबर सगळ्यांत गरम पाण्यावर लावतो. आरशासारखं निघंल."

मला ते ताट आरशासारखं काढून दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं ते माहीत नाही, कारण मी काढलं असं तर मी सांगणार नव्हतो.

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, कुठेतरी पाइप फुटला होता. सगळं बोअरवर. मशीनच्या मिठाचा दिवा लागला. जड पाणी हलकं करायला त्यात वेगळं मीठ घालतात, ते संपलं होतं. दुकानात जायच्या ऐवजी लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ कपाटात होतं, ते घातलं. मीठ म्हणजे मीठ, असा मी हिशेब केला. घाईत झाकण फिरवलं तेव्हा एक जाड खडा आट्यात अडकला आणि झाकण पुरतं बसलंच नाही, मीठ ताटांवरच्या पाण्यात झिरपत राहिलं. हे मला नंतर कळलं.

सकाळी मशीन उघडलं तर एकूण एक ताटावर पीठ चाळल्यासारखा पांढरा थर. आण्णांच्या ताटावर सगळ्यांत जास्त, कारण ते मधोमध लावलं होतं. बायको गॅसपाशी वडे तळत होती.

"निघाली का हो ताटं?"

"निघतायत," मी म्हणालो.

मी ताटं मागच्या मोरीत नेली. घमेल्यात व्हिनेगर ओतलं आणि वर सोड्याचं पाकीट रिकामं केलं. दोन्ही गुणाचे, तर एकत्र दुप्पट काम करतील. हे चूक आहे हे मला माहीत होतं. आंबट आणि सोडा एकमेकांना खाऊन टाकतात, डागासाठी काही उरत नाही. मीच स्वतःशी नेम केला होता की एका वेळी एकच गोष्ट. पण पाहुणे कडेगावहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. घमेल्यात फेस उसळला, आणि फेस दिसला की काम होतंय असं वाटतं. मी ताटं बुचकळली, बोअरच्या पाण्यानं खंगाळली. ओली ताटं लखलखीत दिसली. माझा जीव भांड्यात पडला.

आता आमच्यात एक रीत आहे. म्हाळाच्या ताटांना फडकं लावायचं नाही. फडकं रोजच्या खरकट्याला लागलेलं असतं, ते पितरांच्या ताटाला चालत नाही. ताटं धुऊन भिंतीला उभी करायची आणि आपसूक निथळू द्यायची. मी रीत पाळली. ताटं हॉलच्या कडेला ओळीनं उभी केली आणि आंघोळीला गेलो. चुन्याचा डाग ओल्या ताटावर दिसत नाही, वाळल्यावरच दिसतो. इतके महिने मी हेच करत होतो, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आत्ती आली, भाऊ आणि त्याची बायको आले, आणि त्यांना गाडीतून घेऊन आलेला चुलतभाऊ आला. शेजारपाजारचे दोघे-तिघे जेवायला सांगितले होते. आत्तीनं आल्या आल्या कारल्याची आणि गवारीची भाजी चाखल्याशिवाय वासावरूनच पसंत केली. "वास तर झ्याक सुटलाय पोरी," म्हणाली. बायकोचा चेहरा उजळला. आण्णांच्या फोटोसमोर पाट मांडला. आत्तीनं ताट घ्यायला म्हणून भिंतीकडे हात केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"ह्ये काय गं?"

तिनं आण्णांचं ताट उचललं, त्यावरून नख ओढलं. पांढऱ्या थरात काळी रेघ उठली. तिनं नखातली भुकटी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

चुलतभाऊ म्हणाला, "आत्ती, मशीनचं ताट हाय ते. मीठ-मसाला आधीच लावून येतंय."

सगळे हसले. मीही किंचित हसलो, हे मला लिहायलाच हवं.

आत्ती हसली नाही. "माझा भाऊ ह्या ताटात जेवला आसता व्हय? पोरी, तू शिकल्याली, नोकरीवाली. तुझं मन कशाला रमंल भांड्यात. तुझ्यावर राग न्हाई माझा. पर ह्ये तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई. आज ज्येवू या. पुढल्या सालापासनं म्हाळ गावात. धाकटी करंल."

बायको खिरीचं पातेलं घेऊन दारात उभी होती. दर वेळी अशा बोलण्यानंतर ती एकदा माझ्याकडे बघायची. या वेळी तिनं बघितलं नाही. पातेलं खाली ठेवलं, आत्तीच्या हातातून ताट घेतलं आणि आत गेली.

त्या न बघण्यानं मी उठलो. इतके दिवस ती बघायची, म्हणजे अजून विचारत होती. आता तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

आत ती ओट्यापाशी अर्ध्या लिंबानं ताट घासत होती. डाव्या हातानं, कारण उजव्या मनगटाला पट्टा होता.

"दे इकडं," मी म्हणालो.

"तुम्ही जा बाहेर," ती मागे न बघता म्हणाली. "माणसं बसलीत. तुम्हाला इथं बघतील."

म्हाळ हातचा गेलेला असताना ती माझी खिडकी लावत होती.

मी तिच्या हातातून ताट घेतलं, लिंबू घेतलं आणि बाहेर येऊन आत्तीच्या समोर फरशीवर बसलो.

"आत्ती, ताटं मी लावली हुती."

"कशात?"

"मशीनमधी. आन सकाळी धुतली ती बी मीच. तिचा हात लागलेला न्हाई. ती आण्णांचं ताट हातानं घासते म्हणत हुती, मीच दिलं न्हाई."

"आज लावलीस व्हय?"

"रोज लावतो. मशीन यायच्या आधी घासत बी हुतो. तिच्या हाताला डॉक्टरनं बंदी केलीया तवापासनं."

चुलतभावाला राहवलं नाही. "आरं तिच्या, फौजी! बंदूक ठिवून घासणी घेतली व्हय रं गड्या?"

हॉल हसण्यानं भरला. माझा भाऊ हसला, शेजारचे हसले. कुणीतरी म्हणालं, "पेन्शन पुरंना व्हय?" आणि पुन्हा हसणं. माझे कान तापले. हाच तो क्षण, ज्याला मी खिडकी लावल्यापासून भीत होतो. मी मान खाली घालून लिंबू फिरवत राहिलो.

"गप बसा रं," आत्ती म्हणाली. मग मला, "मग दिवाळीला गिलासावरनं म्या हिला बोलले, तवा तू कुटं हुतास?"

"इथंच हुतो."

"आन मगाशी?"

"इथंच."

"मग त्वांड कुटं हुतं तुझं?"

नोकरीत कमी भरलेल्या मालाचं कारण मला नेहमी देता यायचं. इथे कारण होतं, पण त्यावर सगळे आत्ताच हसून झाले होते. बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. म्हणून ताटाकडे बघत राहिलो. लिंबाखालून थर सुटत होता आणि खालचं स्टील वर येत होतं.

आत्ती वाकून बघत होती. "जातंय की."

"जातंय. पण परत बोअरच्या पाण्यानं धुतलं तर परत येईल. प्यायच्या पाण्यानं धुवायला पायजे."

"मग धू."

बायकोनं फिल्टरचं पाणी तांब्यातून आणून दिलं. मी तिथेच परातीत ताट धुतलं, झटकलं आणि आम्ही सगळे ते वाळायची वाट बघत बसलो. आठ-दहा मोठी माणसं एका ताटाकडे बघत बसलेली. ते स्वच्छ वाळलं. बाकीची ताटं भावाच्या बायकोनं आणि मी आत नेऊन तशीच केली. माझा भाऊ तेवढा वेळ गॅलरीत उभा राहिला. तोही कुणाला दिसायला नको म्हणून असेल.

पान वाढायची वेळ झाली तेव्हा आत्तीनं बायकोला जवळ बोलावलं. माफी मागण्याची आमच्यात रीत नाही, थोरल्यांनी धाकट्यांची तर नाहीच. तिनं बायकोच्या मनगटावरच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि विचारलं, "लय दुखतंय?"

"वडे थापताना थोडं," बायको म्हणाली.

"खीर आण. आण्णाला तूच वाढ." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हाळ हितनं हालायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून, "आन ती मटणाची भांडी बी ह्याच पेटीत जात्याती का?"

"जात्यात."

"मग आण्णाचं ताट तेवढं हातानं घासायचं. कुणी का घासंना."

कावळ्याला गच्चीवर घास ठेवला, जेवणं झाली. वडे सगळ्यांनी मागून घेतले. निघताना चुलतभाऊ जिन्यात म्हणाला, "फौजी, पुढल्या खेपंला आमची बी भांडी गाडीत घालून आणतो." मी म्हणालो, "आण, पण ॲल्युमिनियमची नको." तो हसला, मीही हसलो. गाडी वळून गेली.

वर आलो तेव्हा बायको हॉलमध्ये भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले. मी खरकटी ताटं गोळा करायला लागलो. मला वाटत होतं, ती खूश असेल. आण्णांचं पान आता दरवर्षी इथेच पडणार होतं, तिला हवं होतं ते मिळालं होतं. माझ्या मनात अशीही अपेक्षा होती की मी आज बोललो याबद्दल ती काहीतरी म्हणेल. ती अपेक्षा आता आठवली तरी कसंतरी होतं.

"हसले ना सगळे तुम्हाला?" तिनं विचारलं.

"हसले."

"किती वेळ?"

तिनं विचारलं ते खरंच जाणून घ्यायला विचारलं. मी विचार केला. पहिला विनोद, दुसरा विनोद, मग आत्तीनं गप्प केलं तेवढा वेळ. आणि जिन्यातलं.

"फार नाही. एक चहा पिऊन होईल तेवढा."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. एखादी बेरीज पुन्हा पुन्हा करूनही जमत नाही तेव्हा माणूस कागदाकडे बघतो तशी.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी गप्प होतात?"

मी हो म्हणालो.